एक्स्पायर कधी झाले?

आप्पा गेल्यावर छोटीला सगळ्यात जास्त कुणी छळलं असेल तर ते बुटाच्या एका खोक्याने. दुःखाचं एक वेळ ठीक असतं, कामाला लागलं की ते जरा बाजूला बसतं. खोकं काही बाजूला बसेना.

छोटी म्हणजे चांगली एक्केचाळीस वर्षांची बाई. लॉन्ड्रीत काउंटर सांभाळते, आणि साडीवरचा डाग आधीपासून होता की तुमच्याकडे पडला यावरून गिऱ्हाइकाशी भांडायची वेळ आली तर कुणाच्या बापाला ऐकत नाही. पण घरात एकदा छोटी म्हटलं की म्हटलं. मोठा तो दादा आणि धाकटी ती छोटी. आई फार वर्षांपूर्वी गेली, आणि आता गेल्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला आप्पा.

खोक्यात आप्पांची उरलेली औषधं होती. साधीसुधी नव्हेत हो. आप्पांच्या हाडांत शेवटी जे दुखणं शिरलं, ते साध्या गोळ्यांना भीक घालेना, तेव्हा हॉस्पिटलने ही दिली. अकरा पॅच, गोळ्यांची दोन पाकिटं आणि अर्धी भरलेली एक बाटली. पॅच छातीवर चिकटवायचा आणि तीन दिवसांनी बदलायचा. आप्पा त्याला ठिगळ म्हणायचे. "छोटे, ठिगळ बदल गं, जुनं उसवलं," असं म्हणून हसायचे, आणि हसल्यामुळे पुन्हा दुखायचं.

आता कुणी म्हणेल, उरलं तर उरलं, द्यावं टाकून, त्यात काय एवढं! तर त्यात दादा होता.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. एकदा पाय सटकला आणि दोन मजले खाली आला. जीव वाचला, पाठीचं ऑपरेशन झालं, दुखू नये म्हणून गोळ्या दिल्या. पाठ सहा महिन्यांत बरी झाली, पण गोळ्या सुटल्या नाहीत. पुढे काय काय झालं ते छोटी कुणाला सांगत नाही. खोटं बोलणं झालं, हत्यारं विकणं झालं, आणि एकदा तर त्याने आप्पांच्याच गोळ्या उचलल्या. आप्पांचं दुखणं तेव्हा नुकतं सुरू झालं होतं. दोन दिवस आप्पा दात आवळून पडून राहिले आणि विचारलं तर म्हणाले, "माझ्या हातून सांडल्या गं." त्याच आठवड्यात दादा स्वतःच्या पायाने व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन दाखल झाला. त्याला आता चौदा महिने झाले होते. आप्पा गेले तेव्हासुद्धा दोन तासांसाठी आला, बरोबर केंद्राचा माणूस होता, आणि आला तसा परत गेला.

तो दादा आता घरी यायचा होता. शनिवारी. कायमचा.

बारा दिवस आधी त्याचा फोन आला. "छोटे, एक विचारू? आप्पांचं काही उरलंय का गं घरात?"

"काय उरणार?"

"मी काय म्हणतोय ते तुला कळतंय."

कळत होतं की. खोकं तिच्या डोळ्यांसमोर कपाटावर होतं. आणि जीभ तरी कशी असते बघा! "नाही रे," ती म्हणून गेली, "सगळं परत केलं मी."

पलीकडे दादाने एवढा मोठा श्वास सोडला की फोनमध्ये वारा सुटल्यासारखं वाटलं. "बरं केलंस. असतं तर मी आलो नसतो. माझा मलाच अजून भरवसा नाही."

झालं! छोटीने फोन ठेवला. बोलून तर बसली, आता ते खरं करून दाखवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी खोकं पिशवीत घालून ती कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेली. त्याने वरचं पाकीट उचललं, उलटं केलं, आणि विंचू असल्यासारखं खाली ठेवलं. "हे आमच्याकडून नेलेलं नाही, ताई."

"माहितीये मला. पण तुम्ही जुनी औषधं घेता ना? बाहेर पाटी आहे तुमची."

"जुनी घेतो. याची मुदत अजून वर्षभर आहे. मुदतीतलं औषध मी घेतलं तर लोक म्हणतील, हा फुकट घेतो आणि विकतो." त्याने दोन्ही हात वर केले. "हॉस्पिटलात जा."

हॉस्पिटलात गेली. तिथली सिस्टर आप्पांची लाडकी होती. तिने छोटीला बसवलं, पाणी दिलं, आप्पांची आठवण काढून डोळे पुसले, आणि मग तिनेही कानांवर हात ठेवले. "दिलेलं औषध परत घेता येत नाही गं. आमच्या दारातून बाहेर गेलं की आमच्या दृष्टीने ते गेलं."

"मग मी टाकते संडासात आणि सोडते पाणी. सुटले!"

"असलं काही करू नकोस बाई!" सिस्टर खुर्चीतून उठलीच. "गुलाबी कार्ड आहे ना तुझ्याकडे? त्यावर आम्ही किती दिलं ते लिहिलंय, किती वापरलं तेही लिहिलंय. उरलेलं नष्ट केल्याचा शिक्का त्याच्यावर पडायला हवा. शिक्का नसला की घरी चौकशी येते. आणि पहिला प्रश्न काय विचारतात माहितीये? घरात कोण कोण राहतं."

छोटीच्या तोंडचं पाणी पळालं. घरात कोण राहतं या प्रश्नाचं उत्तर शनिवारपासून बदलणार होतं. ज्याच्या नावाची चौदा महिन्यांची फाइल आहे असा माणूस घरात, आणि घरातून अकरा पॅच गायब. दादाने त्यांना हात लावला नाही हे सांगून कोण ऐकणार होतं?

मग झाली सुरू टोलवाटोलवी. नगरपालिकेच्या कचेरीत जिन्याखाली एक पिवळी पेटी होती. त्यावर ठळक अक्षरांत 'निरुपयोगी औषधे येथे टाकावीत' आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'गुलाबी कार्डावरील औषधे वगळून'. पेटीशेजारच्या शिपायाने तिला आरोग्य विभागात धाडलं. आरोग्य विभागाने घनकचरा विभागात धाडलं. घनकचरावाले म्हणाले, हा कचराच नाही, अजून चांगलं आहे की! छोटीच्या ओठांवर आलं होतं, घ्या तर मग, खा तुम्हीच. पण तिने गिळलं. दिवसभर लोकांची कपड्यांवरून बोलणी खाणारी बाई ती, तिला गिळायची सवय होती.

शेवटी तिथल्याच एका बाईला दया आली आणि तिने चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. गुलाबी कार्डाच्या औषधांसाठी वेगळं केंद्र आहे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. मंगळवारी आणि गुरुवारी उघडतं, दहा ते साडेबारा.

मंगळवारी गेली तर आप्पांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत हवी म्हणून परत पाठवलं. गुरुवारी पुन्हा गेली. लॉन्ड्रीच्या मालकिणीने दुसऱ्यांदा रजा देताना "तुझे आप्पा एकदाच गेले ना?" असं विचारलं, तेही ऐकून घेतलं. दादा परवा यायचा होता. आज नाही झालं तर दारात खोकं आणि दादा समोरासमोर.

केंद्राच्या खिडकीत एक स्वेटर घातलेले गृहस्थ बसले होते. त्यांचं बोलणं म्हणजे सरकारी पत्रक वाचून दाखवल्यासारखं. आपण 'झालं, गेलं, आलं' म्हणतो ना, ते हे सगळं 'झाले, गेले, आले' म्हणायचे. "कार्ड दाखवावे. दाखला जोडला आहे काय?" फॉर्म ते स्वतःच भरत होते, मान वर न करता, एकापाठोपाठ एक प्रश्न विचारत. रुग्णाचं नाव. नातं. पत्ता. नग किती.

"अकरा पॅच, वीस गोळ्या, अर्धी बाटली."

"एक्स्पायर कधी झाले?"

गेले तीन आठवडे हाच प्रश्न छोटीला सगळ्या जगाने विचारला होता. बँकेत, पेन्शनच्या कचेरीत, विजेच्या बिलावरचं नाव बदलताना. एक्स्पायर कधी झाले? उत्तर तिला तोंडपाठ झालं होतं.

"अठ्ठावीस तारखेला," ती म्हणाली. आणि इतके दिवस नुसती तारीख सांगून कंटाळली होती म्हणून असेल, किंवा त्या खिडकीपाशी पहिल्यांदाच काहीतरी पुढे सरकत होतं म्हणून असेल, तिला भरून आलं. "पहाटे. पावणेपाचला."

गृहस्थांचं पेन थांबलं. "वेळ आवश्यक नाही," ते म्हणाले, आणि तारीख लिहिली.

मग त्यांनी खोक्याला चिकटपट्टी मारली, त्यावर पट्टी डकवली, गुलाबी कार्डही आतच घातलं. डेपोत औषध नष्ट झालं की कार्डावर शिक्का बसेल आणि कार्ड टपालाने घरी येईल. पावती दिली. छोटी बाहेर आली आणि रस्त्यातच उभी राहिली. पिशवी रिकामी होती. तिचा जीव भांड्यात पडला. तिने तिथल्या गाडीवर उभ्याने चहा घेतला आणि चहावाल्याला उगीचच म्हणाली, "फार छान झालाय हो."

शनिवारी दादा आला. बारीक झाला होता, पण डोळे पूर्वीसारखे, आपल्याकडे सरळ बघणारे. आल्या आल्या त्याने आधी तेच विचारलं. "सगळं दिलंस ना?"

"दिलं. ही पावती."

त्याने पावती वाचली, वरची तारीख वाचली. "परवाची आहे. म्हणजे फोनवर बोललीस तेव्हा घरात होतं."

"होतं," छोटी म्हणाली. लपवून काय उपयोग? "तू आला नसतास म्हणून खोटं बोलले."

"आता नाही ना?"

"आता नाही. शपथ."

"मग ठीक," म्हणाला, आणि बॅग आप्पांच्या खोलीत ठेवली.

पुढचे पाच दिवस किती बरे गेले म्हणून सांगू! कुरकुरणारं दार गप्प झालं. वॉशिंग मशीन उड्या मारायचं ते शहाण्यासारखं एका जागी राहायला लागलं. लॉन्ड्रीतून दमून यावं तर चहा तयार. आप्पांच्या पलंगावर दादा घोरायचा आणि छोटीला ते घोरणंसुद्धा गोड लागायचं. बुधवारी तर त्याने एका जुन्या ओळखीच्या कंत्राटदाराला फोन केला, आणि तो "ये सोमवारी भेटायला" म्हणाला. छोटीने त्याच्यासाठी मालकिणीच्या परवानगीने एक शर्ट लॉन्ड्रीत कडक इस्त्री करून आणला.

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला ती घरी आली. चहाचा वास नव्हता. दादा दारासमोरच्या खुर्चीत बसला होता, अंगात सकाळचाच बनियन. मांडीवर खोकं, आणि खोक्यावर दोन्ही हात पसरून ठेवलेले.

छोटीच्या हातातली पिशवी खाली पडली.

"अकरा वाजता आलं," दादा म्हणाला. "टपालवाला घरात सज्ञान कोण आहे म्हणाला. मी म्हटलं, मी. सही केली. नंतर वर काय लिहिलंय ते वाचलं."

"मला फोन का नाही केलास रे?"

"फोन आत आहे. आत जायचं तर हे घेऊन जावं लागणार, नाहीतर इथे ठेवून. घेऊन उठायची भीती वाटली, आणि ठेवायला हात होईना. घे गं. आधी घे."

तिने खोकं उचललं. त्याचे तळहात दिवसभर दाबून दाबून पांढरे पडले होते. खोक्यावर नवी चिठ्ठी होती: 'एक्स्पायर झाल्याचा दिनांक, नोंदीनुसार गेल्या महिन्याची अठ्ठावीस. वेष्टनावरील दिनांक, पुढील वर्ष. नोंद जुळत नाही. औषध मुदतीत असल्यास वेगळा अर्ज. सबब परत.'

तिने दोनदा वाचलं. लॉन्ड्रीतही असंच असतं. कपड्यावरचा बिल्ला आणि वहीतला नंबर जुळला नाही की कपडा धुवायला जात नाही, परत काउंटरवर येतो. इतकी वर्षं ती हेच करत आली होती. आणि मग तिला ते स्वेटरवाले गृहस्थ आठवले, त्यांचं ते 'झाले' आठवलं.

"त्याने औषधाचं विचारलं होतं रे," ती म्हणाली. "मी आप्पांचं सांगितलं."

दादाला कळायला जरा वेळ लागला. कळलं तसा तो हसला, खरंच हसला. "पहाटे पावणेपाच पण सांगितलं असशील."

"सांगितलं."

तीही हसली. दोघं हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि त्यातलं हसू संपून नुसतं पाणी कधी उरलं ते दोघांनाही समजलं नाही.

तेवढ्यात छोटीला चिकटपट्टीचा कोपरा दिसला. नखभर उचकटलेला.

ती बघतेय हे दादाने बघितलं. "तिथपर्यंत गेलो होतो," तो म्हणाला. "मग हात काढला. तुझी शपथ."

"माझा विश्वास आहे तुझ्यावर," छोटी म्हणाली. मनापासून म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिच्या हातांनी ती पट्टी ओढून काढली, झाकण उघडलं आणि मोजायला सुरुवात केली. अकरा पॅच. वीस गोळ्या. बाटली उजेडात धरून पाहिली. मग पॅच पुन्हा मोजले. स्वतःचाच राग आला तिला, हात तोडून टाकावेसे वाटले, पण मोजल्याशिवाय राहवेना. दादा भिंतीकडे बघत होता.

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे. दादा, मला माफ कर."

"मोजलंस ते बरं केलंस. मी पण मोजलं असतं." "केंद्र परत कधी उघडतं?"

"मंगळवारी. आणि आता वेगळा अर्ज करायचा म्हणे. तो किती दिवसांत घेतात कुणास ठाऊक." ती घाईघाईने बोलत सुटली. "मी बॅगेत घालून रोज लॉन्ड्रीत नेईन. तिथे ठेवून यायची सोय नाही, एक गोळी हरवली तरी चौकशी आपल्याकडेच. रात्री उशाखाली ठेवीन."

"मला ठाऊक असेल ना उशाखाली आहे म्हणून," दादा म्हणाला. "छोटे, आज मी सात तास बसलो. उद्या नाही जमणार. मी खोटं बोलत नाहीये, मला माहितीये मी किती पाण्यात आहे ते. तू केंद्रात फोन कर, माझ्या. म्हणावं, मंगळवारपर्यंत ठेवून घ्या."

तिने फोन लावला. पलीकडची बाई फार चांगली होती, अगदी आपुलकीने बोलली. तिला दादा आठवत होता, बागेतलं कारंजं त्यानेच दुरुस्त केलं होतं म्हणाली. मग तिने विचारलं, "काही घेतलंय का त्यांनी?"

"नाही हो. काहीच घेतलं नाही. म्हणूनच तर."

"मग दाखल कसं करून घेऊ? ते बरे होऊन गेलेत, कागदावर तसं आहे. आणि बाहेर चाळीस जण रांगेत आहेत, ताई. तुम्ही असं करा, त्यांनी घेतलं की लगेच फोन करा. घेतलेल्या माणसाला आम्ही त्याच दिवशी जागा देतो."

छोटीने फोन ठेवला. दादा तोंडाकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला पटकन खोटं सुचलं नाही.

"घेतलं की फोन करा म्हणाले."

दादाने मान हलवली, जणू लिफ्टचा एखादा भाग मिळत नाही असं कुणीतरी त्याला सांगितलंय. "उद्या तुला कामाला जायचंय ना?"

"नाही जात."

"परवा?"

"परवाही नाही जात."

"काढून टाकतील."

"टाकू देत."

तो उठला. पाण्याची बाटली भरून घेतली, आप्पांच्या खोलीपाशी गेला आणि दारात थांबला. "बाहेरून कडी घाल."

"वेडा आहेस का तू? स्वतःच्या भावाला मी कोंडू?"

"घाल गं. जेवण दे, संडासला सोड, तेवढ्यापुरतं खोकं घेऊन गच्चीवर जा. मी ओरडेन, शिव्या देईन, आप्पांची शपथ घालीन. काहीही बोललो तरी ऐकू नकोस."

तो आत गेला आणि त्यानेच दार लोटून घेतलं. छोटी खोकं काखेत मारून दारापाशी उभी राहिली. खूप वेळ तिचा हात वर जाईना. मग गेला.

"घातलीस?" आतून आवाज आला.

"घातली."

"हलवून बघ."

तिने हलवून बघितली. पक्की बसली होती.